फोटोतला खांदा

सुनेने चार महिने गोड बोलून जे जमवत आणलं होतं, ते सासऱ्यांनी एका दुपारी चहा पिता पिता उसवून ठेवलं.

सासरे म्हणजे शिवणघराचे मास्तर. गणवेश शिवण्यात त्यांची हयात गेली. शाळेचं काम होतं तोवर बोलायलासुद्धा ओरडावं लागायचं, इतका यंत्रांचा गलका. मग शाळेने ते काम एका मोठ्या कंपनीला दिलं आणि खिडकीखालची यंत्रं झाकणं ओढून बसली. हाताखालच्या दोघी बाया तरी रोज येत, उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवत आणि मधूनच मास्तरांच्या तोंडाकडे बघत. नवं काम मिळालं नाही तर यंत्रं विकायची आणि या दोघींना घरी बसवायचं, हे ठरल्यासारखंच होतं. तोंडाने म्हणायचं तेवढं कुणी म्हणत नव्हतं.

म्हणून सूनबाईने पदर खोचला आणि धंदेवाले जिथे एकमेकांच्या ओळखी करून घेतात त्या साइटवर मास्तरांना नेऊन बसवलं. नाव मास्तरांचं, फोटो मास्तरांचा, शब्द मात्र सुनेचे. ओळख आधी मुरू द्यावी, लगेच विकायला धावू नये, असं तिथले जाणते सांगत. सूनबाई मुरवत बसली. कुणाला बढती मिळाली, अभिनंदन. कुणी पहाटे उठण्याचे फायदे लिहिले, विचार प्रेरणादायी. कुणाची नोकरी गेली आणि त्याने त्यातून आपण काय शिकलो ते लिहिलं, तर त्यालाही मनापासून शुभेच्छा. बदल्यात तिला काय मिळालं? गिऱ्हाईक कसं मिळवावं याचे वर्ग विकणारे सतराजण. एका उपाशी माणसाने दुसऱ्या उपाशी माणसाला जेवायला बोलवावं, असला तो बाजार.

“झालं का आजचं अभिनंदन?” मास्तर कात्री पुसत विचारायचे.

“झालं.”

“कुणाचं केलं?”

“मला नाही माहीत, बाबा. तुम्ही पिशव्यांचे बंद बघा.”

एक रुग्णालयातल्या बाई तेवढ्या आशेला जागा देणाऱ्या. स्वच्छता, धुलाई, कर्मचाऱ्यांचे कपडे, सगळं त्यांच्या हाताखाली. त्यांनी एकदा उलट लिहिलं होतं, ‘धन्यवाद. कपड्यांचं काम लवकरच बघायचं आहे.’ त्या एका ओळीवर सूनबाई जगत होती. बाईंनी काहीही टाकलं की हिची टाळी पहिली.

त्या दुपारी ती फोन कापणीच्या टेबलावर ठेवून दोरे आणायला गेली. बाईंनी समारंभातला आपला फोटो टाकला होता. फोन वाजला, मास्तरांनी उचलला, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला. शिंप्याला माणसाचा चेहरा शेवटी दिसतो. मास्तरांना खांदा दिसला.

सूनबाई परत आली तेव्हा ते समाधानाने चहा पीत होते.

“त्या रुग्णालयवाल्या बाईंना लिहिलं मी.”

तिच्या हातातली रिळं टेबलावर पडली. “काय लिहिलंत?”

“खरं ते लिहिलं. कोट चांगल्या कापडाचा आहे, पण उजवा खांदा उतरलाय. शिंप्याने कापड वाया घालवलं. आमच्याकडे पाठवा, नीट करून देऊ.”

“बाबा, ते सगळ्यांना दिसतं.”

“मग चांगलंच आहे की. त्या शिंप्यालाही दिसेल.”

सूनबाईने कपाळाला हात लावला. पालथ्या घड्यावर पाणी तरी किती ओतायचं? ती ते वाक्य पुसून टाकणार तोच खाली बाईंचं उत्तर आलं. ‘कोटात दोष नाही. लहानपणी हाड मोडलं, ते नीट बसलं नाही. माझा खांदाच तसा आहे.’

तिने वाचून दाखवलं. मास्तरांनी कप खाली ठेवला. यंत्रापाशी बसलेल्या दोघी बायांनी माना खाली घातल्या.

“चल,” मास्तर उठले.

“कुठे?”

“त्यांच्याकडे. इथे लिहून बोललो, ते तिथे जाऊन निस्तरायला हवं.”

“आता कृपा करा आणि गप्प बसा. मी छानसं काहीतरी लिहिते.”

“छानसं लिहूनच इथवर आलो ना?” असं म्हणून त्यांनी टेप गळ्यात तसाच ठेवला, शबनम खांद्याला अडकवली आणि चपला घातल्या.

रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, धुलाईच्या दारात बाई भेटल्या. आत मोठाली यंत्रं घुमत होती, दारातून गरम वाफ येत होती. मास्तर हात जोडून उभे राहिले.

“मी तो शिंपी. माझं चुकलं. आधी माणूस बघावा, मग कापड. मी नुसता फोटो बघितला.”

बाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आधी तुम्ही फार गोड लिहायचात. मग एकदम खांद्यावर आलात. मला वाटलं, फोन चोरीला गेला.”

“आधीचं सगळं हिने लिहिलं. माझी तेवढी चूक.”

बाई हसल्या. “आधीचं मी कधी नीट वाचलं नाही खरं तर. दिवसाला दहाजण तसंच लिहितात. एकदा कुणाला तरी उत्तर दिलं होतं, ते तुम्हीच का?”

चार महिने. सूनबाईला त्या वाफेतच बसकण मारावीशी वाटली.

मास्तरांचं मात्र लक्ष बाईंच्या मागे चादरींच्या घड्या घालणाऱ्या कामगार बाईकडे होतं. तिचा एक हात आखूड, त्या बाजूची गणवेशाची बाही कोपरापर्यंत दुमडून पिनेने अडकवलेली. “असं का?” त्यांनी हळूच विचारलं. बोट दाखवलं नाही.

“कपडे येतात तीन मापांत. लहान, मधलं, मोठं. माणसं येतात देवाच्या मर्जीने,” बाई म्हणाल्या. “माझा कोटही तसाच आयता घेतलेला.”

“देवाकडे तयार माल नाही, बाई. तो एकेकाला मापाने शिवतो. म्हणून तर आमचं पोट भरतं.”

बाईंनी मागे वळून त्या दुमडलेल्या बाहीकडे बघितलं. “धुलाईतल्यांची मापं घ्या. एवढाच विभाग. शिवून आणा, महिनाभर वापरू, टिकले तर पुढचं बोलू. शब्द देत नाही.”

“शब्द नकोच. आम्ही आजपर्यंत पुष्कळ दिले,” सूनबाई म्हणाली. त्यावर मास्तरही गालात हसले.

मापं सुरू झाली. पिनेवाली पहिली उभी राहिली. “डावी बाही वेगळी लिही, उजवी वेगळी,” मास्तर म्हणाले. सूनबाईने पिशवीतून कागद काढला, तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी नोकरीला दहा वर्षं झाली होती आणि अभिनंदन करायचं होतं.

“कुणाचा फोन?” टेप खांद्यावर धरून मास्तरांनी विचारलं. “फोटो आहे का? बघू.”

सूनबाईने फोन पिशवीच्या तळाशी सारला आणि वर मास्तरांची शबनम आडवी टाकली. “माप सांगा, बाबा,” ती म्हणाली.