कृत, कारित, भेंडी

भेंडी, अगदी जवळून.

छताचा पंखा.

चष्म्यामागचा एक डोळा.

"सर्व ठीक. पाऊस नाही."

भौतिकशास्त्र : पंचवीसपैकी चार.

चारशे बारा.

चारशे बारा म्हणजे दिवस. राजेश्वरी विश्रामबाग सोडून रहिमतपूरला राहायला गेली, तेव्हापासून आम्ही रोज एकमेकींना एक तरी फोटो पाठवतो. एक दिवस चुकला की आकडा शून्य. आकडा शून्य की मैत्रीही शून्य, असं मला वाटतं. म्हणून मी वर्गात, जेवताना, आंघोळीला जाता जाता फोन बघते. म्हणून पंचवीसपैकी चार.

आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व सुरू झालं. देवळात मुनिमहाराजांपुढे दहा दिवसांसाठी काहीतरी सोडायचा नियम घ्यायचा. कुणी साखर सोडली, कुणी टीव्ही. मी पुटपुटले, "मोबाइलवरचे रील्स."

गुणमाला आजी मागून ओरडली, "ब्राह्मीनं मोबाइल सोडला!"

सगळ्यांनी हात जोडले. झालं.

"आजी! आता माझी रोजच्या फोटोंची स्ट्रीक?"

"ती काय असती?"

सांगितलं.

"मग मी पाठवते की फोटो. मी कुठं मोबाइल सोडलाय?"

"कृत, कारित, अनुमोदना! स्वतः केलं, करवून घेतलं, नुसतं बरं वाटलं, तरी दोष सारखाच. तूच शिकवलंस."

"मग तू सांगूच नको. व्हय पण म्हणू नको. मला आपलं वाटलं, मी पाठवला."

रोज संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून भौतिकशास्त्र वाचायची. मागे आजी, हातात माझा फोन.

"हे गोल दाबू?"

मी वाचत राहायची.

"का हे पिवळं?"

"प्रकाशाचं अपवर्तन!" माझा आवाज आपोआप चढायचा.

"बरं बाई, पिवळं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून तिकडून काय आलं ते आजी वाचून दाखवायची. "सर्व ठीक. पाऊस नाही."

"फोटोत काय आहे?"

"खांब हाय."

राजेश्वरी असं कधी लिहीत नाही. रागावली. संपलं. अपवर्तनाचा धडा मी तिसऱ्यांदा वाचला, रडत, मोठ्याने.

पर्वानंतर एकमेकांची क्षमा मागायच्या दिवशी दारात राजेश्वरी! सोबत तिचे आजोबा, रिटायर सुभेदार मानसिंगआबा.

"भेंडी?" ती किंचाळली. "भेंडी आन् पंखा? मला वाटलं, तू कंटाळलीस मला!"

"आणि तुझं ते सर्व ठीक?"

"मी न्हाई गं! परीक्षेपर्यंत फोन आबांनी काढून घेतलाय. लय रडले, तवा म्हणाले, रोजचा रिपोर्ट मी देतो, तिकडचा तुला दाखवतो."

आबा आजीकडे वळले. "आवं, चष्म्यातला डोळा तुमचा व्हय?"

"मग! खांब तुमचाच का?"

आम्ही दोघी जिन्यावर बसून उचक्या लागेपर्यंत हसलो. क्षमा मागायची राहिली. फोन मागायचा राहिला. राजेश्वरीने अपवर्तन विचारलं आणि मी भिंतीकडे तोंड करून अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवला.

पर्वाच्या सहाव्या दिवशी आमच्याकडे दुपारपासून लाइट नव्हती, फोन बंद पडला होता आणि आजीचा फोटो गेलाच नव्हता; आकडा तेव्हाच शून्य झाला होता.