गाठीची उपासमार

मी एक जुना पांढरा उंदीर आहे. वय सात महिने. हसू नका, मित्रांनो. कंपाला शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत एवढं जगलेला उंदीर सध्या दुसरा नाही. आणि इतकं जगूनही मी भित्राच राहिलो आहे.

माझा जन्म इथल्याच प्लास्टिकच्या पिंजऱ्यात झाला. लाकडाच्या भुशात आईच्या पोटाशी आम्ही नऊ भावंडं लोळायचो. आमची देखभाल कालुले काका करत. साठीचा माणूस, कपड्यांना भाजलेल्या केळ्यांचा वास. त्यांची चाहूल लागली की मी लपत नसे. बाकी कसलाही आवाज झाला की कोपरा गाठत असे.

मी दहा आठवड्यांचा झालो तेव्हा संशोधक नबुलिमेबाईंनी माझ्या कुशीत सुई टोचली. सुईतून कर्करोगाच्या पेशी आत गेल्या. पंधरवड्यात कातडीखाली मसुराएवढी गाठ हाताला लागू लागली.

"काका, ही गाठ भारी खादाड असते," बाई सांगत होत्या. "साखर गिळते आणि वाढत सुटते. प्रत्येक पेशीत एक चूल असते असं समजा. आमचं औषध ती चूल मंद करतं. जाळच नाही, तर वाढणार कशी?"

अर्ध्या पिंजऱ्यांना पाण्यातून औषध मिळे, अर्ध्यांना नुसतं पाणी. दर शुक्रवारी बाई गाठ मोजत. दीड सेंटिमीटर झाली की त्या उंदराला बाहेर नेत, तो परत येत नसे. नुसत्या पाण्याचे पिंजरे एकामागून एक रिकामे झाले. शुक्रवारी दाराची कडी वाजली की मी भुशात खोल दडून बसे.

आमच्या पिंजऱ्यात औषध होतं. आमच्या गाठी जागच्या जागी थांबल्या. बाई खुशीत होत्या. प्रयोगाला पैसे देणारे पाहुणे येणार होते, त्यांच्यापुढे हे आकडे मांडायचे होते.

पण मला थंडी वाजू लागली. भर दुपारी, खिडकीवर ऊन तापलेलं असताना मी कापत असे. घरटं करायला दिलेल्या कागदाच्या पट्ट्या तशाच पडून राहत. दाण्याजवळ जाऊन मी परत फिरत असे. भीती वाटे तेव्हा पळायला पायच उचलत नसत, याची तर मला सर्वांत जास्त भीती वाटे. एका सकाळी मी शेजारच्या भावाला नाकाने ढोसलं. तो गार पडला होता.

"तो मुळातच अशक्त असणार," बाई म्हणाल्या.

"बाई, या पिंजऱ्यात चार दिवस कोणी घरटं बांधलं नाही," काका म्हणाले.

"पण गाठ बघा ना! जराही वाढलेली नाही."

"गाठ वाढत नाही आणि उंदीर जेवत नाही. तुम्ही उपाशी नक्की कुणाला मारताय?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी वही उघडली. आमची वजनं त्यांनीच लिहिली होती, दर आठवड्याला कमी कमी होत गेलेली. नजर मात्र इतके दिवस गाठीच्या रकान्यावरच खिळलेली होती. त्या स्टुलावर बसल्या.

"मात्रा कमी केली तर सहा आठवडे फुकट जातील, काका. पाहुण्यांना काय सांगू? प्रयोगशाळेचे मोठे सर मला दारात उभंसुद्धा करणार नाहीत."

"आणि उद्या हेच औषध एखाद्या लेकराला दिलं तर?"

बाईंनी वही मिटली. मग त्यांनी फोन लावला. त्या स्पष्ट बोलल्या, "सर, आपली मात्रा जास्त आहे. गाठीबरोबर उंदरांच्या चांगल्या पेशींची चूलही मंद होतेय, उंदीर खंगतायत. माझ्या लक्षात यायला उशीर झाला." पलीकडून रागावलेला आवाज मला पिंजऱ्यापर्यंत ऐकू आला. बाईंनी तो पूर्ण ऐकून घेतला, फोन ठेवला आणि त्याच दुपारी औषध निम्म्यावर आणलं.

पिंजऱ्यात उरलेले आम्ही तिघे वाचलो. हळूहळू अंगात ऊब आली. आठवड्याने मी पुन्हा कागद कुरतडला. गाठ वाढू लागली, पण नुसत्या पाण्यावर जितकी वाढली असती त्याच्या निम्म्यानेच. पाहुण्यांना बाईंनी गाठीचा आणि वजनाचा, दोन्ही रकाने दाखवले. आता नव्या उंदरांवर तो प्रयोग पहिल्यापासून सुरू आहे.

माझी गाठ आज सव्वा सेंटिमीटर आहे. म्हणजे फार शुक्रवार उरले नाहीत. मला भीती वाटते, मित्रांनो, ती मी तुमच्यापासून लपवणार नाही. तुमच्यातलं कोणी मोठेपणी औषधं शोधील. तेव्हा आजार मोजा, पण तो ज्याच्या अंगात आहे, तो जेवला का, हेही रोज बघा. आणि आमच्यासारख्या कुणाला उचलायची वेळ आलीच, तर आधी आपले हात चोळून जरा गरम करून घ्या.