बाजंएवढं स्टँड

माप घ्यायला मीच गेले. बाबा जिंतूरच्या बाहेर एका गोडाऊनला शटर बसवायलता, आणि शाळा सोडल्यापासून वेल्डिंगचं दुकान मीच बघते. गल्लीतल्या सूर्यभानकाकानं परभणीत काचेची पाच फुटी टाकी बनवायला टाकली व्हती, मासे पाळायला. तिच्याखाली लोखंडी स्टँड पायजे व्हतं.

"पोरगी धाडली व्हय?" बाजंवरची म्हातारी म्हणली. काकाची माय, कडूबाई. "सितारामला पोरगं न्हाई का?"

"हाय. त्याला टेप वाचता येत न्हाई."

म्हातारी हसली, मग लय येळ खोकली.

मी अडीच फूट उंची धरली, सगळ्यांच्या घरी तेवढीच असते. म्हातारीनं टेप पकडला अन् खाली ओढला, बाजंच्या काठापर्यंत.

"एवढं कर. माशाचा डोळा माज्या डोळ्यासमोर आला पायजे."

तिचा जन्म येलदरीच्या धरणावर गेला. नवरा जाळं टाकायचा, ही पाटी घेऊन गावोगाव इकायची. "मासा पायला तो वरून," ती म्हणली, "न्हाईतर जाळ्यात तडफडताना. पान्यात निवांत असताना बाजूनं कसा दिसतो, ते पायलंच न्हाई माय."

दारात काका हळूच म्हणला, "डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलंय. बघ जरा लवकर."

सांजच्याला दुकानावर बाबानं माप बघितलं. "एवढं बुटकं? खालची फरशी कशी पुसायची?"

"पडल्या पडल्या बघणार हाय ती."

"बरं. पण बुटकं हाय म्हणून पाइप हलका घेऊ नको. पाण्याचं वजन तेवढंच ऱ्हातं. आधी हे गेट होऊ दे."

मी हातातला खडू भिताडावर फेकला. "गेट थांबंल. म्हातारी थांबंल का?"

 बाबानं गेट उचलून बाजूला उभं केलं.

चारी कोपरे वेल्डिंगचे बारके टाके मारून धरले, कर्ण मोजले, सारखे आले. मी एका कोपऱ्यावर बसून सगळं जोडायला लागले तर बाबा वरडला, "फिरत ऱ्हा. इथं थोडं, समोर थोडं. लोखंड तापलं की ओढतं. स्टँड पिळलं तर वरची काच तडकंल." माझ्या हाताला दम निघत न्हाई. तरी त्या दिवशी फिरत ऱ्हायले. शेवटी बाबा अन् मी दोघं स्टँडावर चढून नाचलो. हाललं न्हाई.

काळा रंग वाळला तसं ऑटोत घालून नेलं. टाकी अजून परभणीतच व्हती, काचंचे जोड वाळायलते. म्हातारी आता एका कुशीवरच पडून व्हती. मान वळत नव्हती, आवाज बारीक झालता. स्टँड बाजंला लावलं. खरंच बाजंएवढं बसलं.

"मासे कुठं हायत?"

काकानं तोंड फिरवलं.  मी स्टँडाच्या पलीकडं गेले, गुडघ्यावर बसले, वरच्या पाइपावर हनुवटी टेकवली, गाल फुगवले अन् तोंड उघडझाप करायला लागले.

म्हातारी लय येळ बघत ऱ्हायली. मग तिचा हात आला, गालाला लागला. गार व्हता.

"मरळ हाय," ती म्हणली. "लय रागीट मासा. जाळ्यातून उडी मारून जातो."

"मी कुठं चालले?"

"जाशील की."

टाकी आली तवा अंगणात बाज उभी करून भिताडाला लावून ठेवली व्हती. कडूबाई आदल्या दिवशीच गेली.

तेरावा झाल्यावर काकानं स्टँड दुकानावर परत आणलं. "मिस्त्री, याला पाय वाढवून द्या. हॉलमधी ठेवतो."

"तसंच ऱ्हाऊ द्या की काका," मी म्हणले.

"खाली पडून बघणारं कोन हाय आता?"

"मग दुसरं बनवून घ्या. ह्याला हात लावू नका." मी वेल्डिंगला तोंडापुढं धरायची काच आपटली. काका स्टँड तिथंच सोडून चालला गेला.

बाबा म्हणला, "सुकेशनी, माय त्याची गेली. तुजी न्हाई. त्याला त्या उंचीकडं बघवत नसंल."

मी पाय जोडले. चारी पायाला फूट फूट पाइप.

"ग्राइंडर मार. जोड दिसाय नको."

मी ग्राइंडर उचललं. जोडाजवळ नेलं. खाली ठेवलं. जोडाच्या चारी गाठी तशाच ठेवून वरून रंग मारला. बाबानं पायलं, तो दुसरीकडं गेला.

हॉलमधी टाकी बसली, पाणी भरलं, काकानं मासे सोडले. रोहूची पिल्लं व्हती, रंगीत एक बी नव्हतं. घरातले सगळे उभं राहून बघायलते. काका पाइप पुसायला वाकला तर फडकं गाठीला अडलं. त्यानं बोट लावलं. मग दुसऱ्या पायाला लावलं.

"वरून इथवर व्हतं ना?"

"हां. खालचं नवं हाय."

तो तिथंच फरशीवर स्टँडाला चिकटून बसला. गाठीला हात धरून, मान वर करून. तिथून मासे दिसत न्हाईत. टाकीखालच्या आडव्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. मला ठाऊक हाय, मीच लावल्यात.