काळी होईल म्हणून

मुठा गावातल्या गोजराबाईंच्या घरी सकाळचा चहा सगळ्यांना मिळतो, लग्नाच्या मुलीला नाही. त्यांची पिंकी कॉलेजात जाते, तरी तिच्या पुढ्यात दूधच येतं. चहाने कातडी काळवंडते आणि काळीला स्थळ येत नाही, हा त्या घरचा कायदा.

त्याच घरची सून रेश्मा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली. पोर कितीतरी दिवस पुण्यातल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. डॉक्टरांनी समजावलं होतं, की अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा मेंदू कच्चा असतो, मध्येच श्वास घ्यायचाच विसरतो. कॉफीत असतं त्या कॅफिनचं औषध त्याला श्वासाची आठवण करून देत राहतं. घरी सोडतानाही त्यांनी बाटली दिली आणि आपल्या मनाने बंद करू नका, असं बजावलं.

बाळाचा बाप रोहित, त्याने घरी येताच गंमत केली, की आमची बया आत्तापासनं कॉफी पिती. सगळे हसले. गोजराबाई हसल्या नाहीत.

रेश्मा बी.एस्सी. झालेली. बाळाच्या छातीवरून तिची नजर हटत नसे. शेजारणी तिला डॉक्टरीणबाई म्हणून चिडवत. औषध कडू, जिभेवर पडलं की पोर तोंड वाकडं करायची. अलीकडे चार-पाच दिवस ती ते मुकाट गिळत होती; सवय झाली असेल, असं रेश्माला वाटलं. एका दुपारी तिने उरलेला थेंब स्वतःच्या जिभेवर घेतला. नुसतं पाणी.

बाटली कुणी बदलली, असं तिने विचारताच पिंकीने मान खाली घातली. ओट्यापाशी भाकरी थापत गोजराबाईच बोलल्या, "म्या वतून दिलं. चार-पाच दिस झालं. मेली का ती? पोरीची जात हाय. कापी पाजून कोळसा केलास, तर पदरात कोण घेनार तिला?"

"आणि मुलगा असता तर?"

"पोरगं काळं बी खपतंय."

रेश्मा उत्तर द्यायला थांबली नाही. रोहितला गाडी काढायला सांगून तिने बाळ उचललं, तर ओठ निळे पडलेले. छाती हलत नव्हती. तिने पोरीचे तळवे चोळले, पाठ चोळली, पुन्हा तळवे. उचकीसारखा एक श्वास आला. मग दुसरा. पुण्याच्या वाटेवर पिरंगुटच्या गर्दीतून गाडी कासवासारखी सरकत होती आणि रेश्माचा अंगठा त्या एवढ्याशा तळव्यावरून निघाला नाही.

दवाखान्यात पोरीला ऑक्सिजन लावला, औषध पुन्हा सुरू झालं. पोर वाचली. डॉक्टर बाहेर आले तसा रोहित रेश्माच्या कानाशी लागला, "बाटली सांडली म्हन. घरातली गोष्ट हाय, आईचं नाव नको."

"तुमच्या आईचंच नाव सांगणार," रेश्मा म्हणाली, आणि दारात उभी राहून तिने सगळं सांगितलं, बाकावर बसलेल्या साऱ्यांना ऐकू जाईल असं. सासवा, आया, बाप, सगळे ऐकत राहिले. काहींनी गोजराबाईंना शिव्याही दिल्या.

डॉक्टर आत गेल्यावर एक बाई जवळ आल्या. शहरातल्या, शिकलेल्या, त्यांचीही नात आत पेटीत होती. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "पण खरंच त्या औषधाने मुलगी काळी होत नाही ना गं?"

"झाली तर?" रेश्माने विचारलं, आणि उत्तरासाठी ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली.