रंगाऱ्याचा ब्रश आणि त्याचा धाकटा भाऊ

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे. तो समाज वेगळा. त्यांचं सगळं आयुष्य एकाच तोंडात जातं. मी भिंतींना रंग देणारा ब्रश. मूठ लाकडाची, कमरेला पत्र्याचा पट्टा आणि केस डुकराचे. म्हणजे घराणं बघायचं तर मी एका झाडाचा आणि एका डुकराचा. दोघांनाही मी पाहिलेलं नाही, पण दोघांबद्दल माझ्या मनात आदर आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे माझे केस विंचरले, एका मापाचे केले, पत्र्यात ठोकले आणि गोंदाने पक्के केले. एवढं झाल्यावर माणूस तक्रार करत सुटला असता. मी मात्र दुकानाच्या भिंतीवर उलटा लटकून मजेत होतो. एक दिवस तिथे एक रंगारी आले. त्यांनी एकेक ब्रश उचलून स्वतःच्या गालावरून फिरवला. माझी पाळी आली तेव्हा ते थांबले, म्हणाले, "हा." इतक्या कमी शब्दांत कोणाचं नशीब उघडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्या दिवसापासून ते माझे मालक.

मालकांबरोबर त्यांचा मेव्हणा काम करायचा. छत आणि पहिला हात, म्हणजे रंगाचा पहिला थर, तो रोलरने मारायचा. शेवटचा हात मात्र मालकांचा आणि माझा. लोकांना दिसतो तो शेवटचाच. तो मारण्याआधी मालक मला दर वेळी गालावरून फिरवत. एखादा केस ताठ झालेला असेल तर बोटांना कळत नाही, गालाला कळतो. मग तो केस ते उपटून टाकत आणि आम्ही कामाला लागत असू. लोक भिंतीवरून हात फिरवून वा म्हणत. भिंत खूश व्हायची, मालक खूश व्हायचे आणि मला आंघोळ मिळायची.

त्या आंघोळीचं काय सांगू? आधी मालक मनगटावर पाणी घेऊन बघत. कोमटच हवं. मग साध्या साबणाचा थोडासा फेस. माझे केस ते बोटांनी हळूहळू मोकळे करत. घासायचं नाही, पिळायचं नाही. जुन्या मऊ सुती कपड्यावर टिपायचं, ओलसर असतानाच तेलाचं बोट फिरवायचं आणि कागदात गुंडाळून सावलीत ठेवायचं. मेव्हणा म्हणायचा की भावोजींनी माझ्या ताईची एवढी सेवा केली असती, तर तिने त्यांना चहा तरी वेळेवर दिला असता.

पण मित्रांनो, हेच मालक स्वतःचा चेहरा कसा धुवायचे? कपड्यांच्या साबणाच्या वडीने. पाणी असं कढत की नळसुद्धा मागे सरकावा. वर दगडासारखा टॉवेल. गालावर तेलरंगाचा शिंतोडा उडाला की टर्पेंटाईनचं फडकं. व्हायचं तेच झालं. नाकाच्या बाजूला, भुवयांत, गालांवर पोपडे धरू लागले. खाली लालसर, झोंबणारी कातडी. हसलं तरी झोंबायचं. आम्हा ब्रशांना हसू येत नाही, म्हणून आम्ही वाचतो.

मालकांना एकच शास्त्र येत होतं, ते त्यांनी लावलं. पोपडे दिसले की खरवडायचे, खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायचे आणि वरून रंग द्यायचा. त्यांनी टॉवेलने चेहरा खरवडला. मग वासाचं एक जाड क्रीम थापलं. ते झोंबलं म्हणून दुसरं. मेव्हण्याने लिंबू सुचवलं, तेही झालं. भिंत असती तर एव्हाना खोली तयार झाली असती. पण मी आयुष्यभर भिंतींच्या संगतीत आहे, म्हणून सांगतो: भिंत पोपडे धरते ते ओल शिरली म्हणून. मालकांच्या चेहऱ्याची होती नव्हती ती ओल निघून गेली होती.

त्याच सुमारास त्यांनी मला गालावरून फिरवणं सोडलं. झोंबत असणार. मी वाईट वाटून घेतलं नाही, पण केस थोडे खाली झुकले.

मग एका डॉक्टरीणबाईंच्या नव्या दवाखान्याचं काम आलं. रुग्णांच्या बसायच्या खोलीतली समोरची भिंत त्यांना गडद निळी हवी होती. आम्ही शेवटचा हात मारला. मालक नेहमीप्रमाणे भिंतीला नाक लावून काम करत होते. मागे सरून बघतात तर ओल्या निळ्यावर पांढरे ठिपके. त्यांनी छत झाडलं, खिडकी लावली, पुन्हा हात मारला. पुन्हा ठिपके.

मेव्हणा मान तिरकी करून म्हणाला, "भावोजी, आभाळ झकास झालंय. चांदण्यासुद्धा आल्या."

डॉक्टरीणबाई आल्या. त्या होत्या त्वचेच्या डॉक्टर. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग मालकांकडे, आणि तिथेच जास्त वेळ पाहिलं. "भिंतीला काही झालेलं नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे पोपडे तुमचे आहेत."

मालकांनी मला धुतलं, कागदात गुंडाळलं आणि पिशवीच्या तळाशी ठेवलं. मग मेव्हण्याला म्हणाले, "यापुढे शेवटचा हात तूच मार. रोलरने."

पिशवीच्या तळाशी मला कळलं की आमचं दोघांचं काम एकाच वेळी संपलं आहे.

पण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की खुर्च्या अजून आलेल्या नाहीत, भिंतीला घाई नाही. त्यांनी मालकांचा चेहरा तपासला, लाल चट्ट्यांसाठी थोडे दिवस लावायचं मलम दिलं आणि रोजचं वागणं समजावलं. मालकांनी मान डोलावली. ऐकायचं नसलं की मोठी माणसं डोलावतात तशी.

घरी आल्यावर त्यांनी मला पिशवीतून काढलं. घाईत मी नीट धुतला गेलो नव्हतो आणि ते त्यांना सहन होईना. बेसिनपाशी त्यांची मुलगी जेवणाचा डबा विसळत होती. ती बस चालवते. तिच्यासमोर ट्रक गप्प होतात. मालक मला धुता धुता तिला डॉक्टरीणबाईंची थेरं सांगू लागले. म्हणे कोमट पाणी घ्या. म्हणे बिनवासाचा सौम्य साबण. घासू नका, टिपा. ओलसर असतानाच साधं क्रीम लावा. काही नवीन आणलं तर आधी कानामागे थोडं लावून काही दिवस बघा. उन्हात टोपी घाला. एवढे लाड करायला मी काय बाहुली आहे?

मुलगी त्यांच्या हातांकडे बघत राहिली.

"बाबा, हातात काय आहे?"

"ब्रश."

"त्याला कढत पाण्यात बुडवा ना. मग टॉवेलने खसाखसा घासा."

"वेड लागलंय का तुला? वाट लागेल त्याची."

एवढं बोलून मालक थांबले. नळ वाहत होता. मुलीनेच तो बंद केला आणि डबा उचलून आत गेली. जिंकल्यावर हॉर्न न वाजवणारे चालक फार कमी असतात.

दुसऱ्या सकाळपासून बेसिनपाशी आम्ही दोघं असू, मी आणि मालकांचा चेहरा. वयाने तो मोठा, पण या शिक्षणात माझ्यामागून आलेला, म्हणून मी त्याला धाकटा भाऊ मानलं. मनगटावर पाणी बघायचं, आधी मी, मग तो. सुती कपडे दोन, ओलसरपणा एकच. मेव्हण्याने विचारलं की आता तोंड कागदात गुंडाळून खिळ्याला टांगणार का. मालक हसले, आणि हसून झाल्यावर गालाला हात लावून बघत राहिले.

सगळं लगेच झालं नाही. एकदा थंड वाऱ्याने पुन्हा पोपडे आले आणि मालकांचा हात टॉवेलकडे गेला. टॉवेल जागेवर नव्हता. मुलीने त्याचं पायपुसणं केलं होतं. मालकांनी नुसतं क्रीम लावलं आणि पोपडे आपले आपण गळू दिले. ओढले नाहीत.

शेवटी आम्ही पुन्हा त्या निळ्या भिंतीसमोर उभे राहिलो. खुर्च्या अजूनही आल्या नव्हत्या. मेव्हण्याने रोलर पाठीमागे धरला होता, लागलाच तर असावा म्हणून. मालकांनी कागद उलगडला, मला हातात घेतलं आणि गालावर टेकवलं.

मी अंग चोरून घेतलं. आता मालक आक्रसणार, असं वाटलं. पण मालकांनी मला गालावरून हनुवटीपर्यंत सावकाश नेलं आणि मध्येच थांबले. त्यांनी डोळे बारीक केले, चिमटीत धरून माझा एक केस उपटला.

"हा ताठ झाला होता," ते म्हणाले.

मेव्हण्याने रोलर खाली ठेवला.

त्या दिवशीच्या आभाळात एकही चांदणी उगवली नाही.

मित्रांनो, आता माझे केस झिजून आखूड झाले आहेत. तरी माझी आंघोळ चुकलेली नाही, याबद्दल मी मालकांचा, त्या गालाचा आणि न आलेल्या खुर्च्यांचा फार आभारी आहे. तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, जिला तुम्ही हळूच धुता, हळूच पुसता. उद्या सकाळी तिची आठवण ठेवा आणि त्याच हातांनी स्वतःचा चेहरा धुवा. कोणी त्याला खसाखसा घासायला निघालं, तर माझं नाव सांगा.