जिवंत माणसाची माळ

“वाडगं ठेव तिथं, आणि माझ्याकडे बघून बोल,” आउरिस्तेला म्हणाली.

उबाल्दिनाने वाडगं टेबलावर ठेवलं, पण बघितलं चुलीकडे. शेंगदाणे आणि हिरवी केळी घालून केलेला माशाचा रस्सा होता. सलग तिसऱ्या दिवशी ही शेजारीण तो घेऊन आली होती.

“खाऊन घे गं. रिकाम्या पोटी माळ सांगायला बसलीस तर चक्कर येईल.”

“तीस वर्षांत कधी रस्सा आणला नाहीस. आताच काय सुचलं?”

“तीस वर्षांत तू कुणाला आणू दिलास का?”

आउरिस्तेलाने वाडगं बाजूला सारलं. मनात शंकेची पाल चुकचुकलीच. तिचा मुलगा नेप्ताली एकटाच बोट घेऊन समुद्रावर गेला होता, त्याला आज चौदा दिवस झाले होते. इंजिन बंद पडलं की बोटी वाहत जातात आणि महिन्याने माणसं परत येतात, हे या किनाऱ्यावर पोरासोरांनाही ठाऊक. तेव्हा आशा सोडायचं कारण नव्हतं. मग बोटीचा मालक क्लेवर तिला बघून रस्ता का ओलांडतो? सूनबाईने नवऱ्याचे खुंटीवरचे शर्ट धुऊन घडी करून पेटीत का ठेवले? विचारलं तर म्हणाली, धूळ बसते. चौदा दिवसांत शर्टावर अशी किती धूळ बसणार?

चार वाजता नेहमीप्रमाणे बाया जमल्या. माळ सांगायला, म्हणजे एकेका मण्यावर प्रार्थना म्हणून घ्यायला, अर्थातच आउरिस्तेला. गावात कुणी गेलं की पाद्रीबाबा शहरातून येईपर्यंत तिलाच बोलावतात. समुद्राने माणूस नेला तर पुरुष आधी तिच्या कानावर घालतात आणि त्या घरी जाऊन सांगते तीच. गावातली निम्मी दुःखं तिच्याच तोंडून घराघरात शिरली होती. स्वतःच्या घरात मात्र तिने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “ही जिवंत माणसाची माळ आहे. कुणी रडायचं नाही.”

जिवंतांसाठी दर दहा मण्यांनंतर म्हणतात, “पित्याला, पुत्राला व पवित्र आत्म्याला गौरव असो.” मृतांसाठी शब्द वेगळे असतात. ते कुणाच्या तोंडून निसटतात का, यावर ती रोज कान टवकारून बसायची. प्रार्थनेत तिचं लक्ष नव्हतंच. देवाकडेही ती संशयानेच बघत होती, हाही आपल्यापासून काही लपवतोय की काय म्हणून.

तिसरी दहाई संपली. उकडत होतं, पोट रिकामं होतं, आणि तीस वर्षांची सवय झालेली जीभ आपल्या वाटेने गेली.

“हे प्रभो, त्याला चिरशांती दे,” आउरिस्तेला म्हणाली.

“आणि तुझा निरंतर प्रकाश त्याच्यावर पडो,” साऱ्या बाया एका सुरात म्हणाल्या.

आपण काय बोललो हे तिला तेव्हा कळलं. आणि मग त्याहून वाईट ते लक्षात आलं. कुणी अडखळलं नव्हतं. ‘अगं, हे काय बोललीस’ असं कुणी म्हटलं नव्हतं. उत्तर ओठांवर तयारच होतं.

“कधी कळलं?” तिने विचारलं.

उबाल्दिनाने हाताने तोंड दाबलं. येसेनिया, सूनबाई, हळूच म्हणाली, “मंगळवारी. पलीकडच्या बंदरात बोट सापडली, उलटी. ते जाळ्यात अडकले होते. क्लेवर जाऊन ओळखून आला. उद्या आणतायत.”

“तीन दिवस मला खोटी माळ सांगायला लावलीत.”

“सांगणार कोण, आई? सगळ्यांच्या घरी सांगायला तुम्ही जाता. तुमच्या घरी कोण येणार?” तिचा आवाज फाटला. “आणि तुम्ही रोज ‘गौरव असो’ म्हणायचात ना, तेव्हा मलाही वाटायचं, क्लेवरच चुकला असेल.”

आउरिस्तेलाला सगळ्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं. ओरडावंसं वाटलं. हातात माळ होती, बोट तिसाव्या मण्यापाशी थांबलं होतं. आता कुणावर संशय घ्यायचं कारण उरलं नव्हतं. चौदा दिवसांत पहिल्यांदाच तिने देवाला खरोखर हाक मारली, मनातल्या मनात, नुसतं ‘बापा’ म्हणून. उत्तर काही आलं नाही. पण पुढचा मणी कुठला हे तिला ठाऊक होतं, आणि तेवढ्या आधाराने श्वास घेता आला.

“बसा सगळ्या. दोन दहाया राहिल्यात,” ती म्हणाली. दोन्ही तिने सांगितल्या, एक शब्द न गाळता.

अखेरीस नाव घ्यायचं असतं. माळ सांगणारी विचारते, आणि घरचं कुणीतरी मृताचं बाप्तिस्म्याचं पूर्ण नाव सांगतं. माणसं कोसळतात ती इथेच, म्हणून आउरिस्तेला कधी घाई करत नाही.

“कुणासाठी?” तिने विचारलं.

येसेनियाचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. आउरिस्तेला थांबली, परक्या घरी थांबली असती तेवढीच. मग तिने पाठ ताठ केली.

“नेप्ताली अर्नुल्फो अन्चुंदिया मेरो,” ती म्हणाली. “माझा मुलगा.”