शेवटच्या ओळीतली जागा

बबडी झोपली की मी गोधड्या शिवते. तिची झोप म्हणजे माझी ऑफिसची वेळ, आणि साहेब कधी रडत उठतील याचा नेम नाही.

माझं काम पोरक्या चौकोनांचं. कुणीतरी कधीकाळी हौसेनं तुकडे जोडून चौकोन करून ठेवलेले असतात, आणि गोधडी मात्र होतच नाही. हात थकतात, डोळे जातात, कधी माणूसच जातं. चौकोन ट्रंकेच्या तळाशी पडून राहतात. लोक ते माझ्याकडे आणतात. मी ते एकमेकांना जोडते, खाली अस्तर लावते, वरून धावदोरा घालते.

त्या काकू आल्या तेव्हा बबडी माझ्या कडेवर होती. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि आधी तिच्याकडेच पाहिलं.

"केवढी झाली?"

"वर्षाची होईल आता."

"चालते?"

"धरून धरून. घरातलं सगळं फर्निचर तिच्या नावावर झालंय."

काकू हसल्या नाहीत. "माझ्या सासूबाईंनी केलेत हे चौकोन. मुलगा एकुलता एक आहे माझा, सुनेला सातवा लागलाय. बाळ यायच्या आत गोधडी व्हायला हवी. शेवटच्या ओळीत एक चौकोन कमी पडेल, तेवढा तू घाल."

"त्यातलंच कापड असेल तर द्या ना."

"नाही उरलं. तुझ्याकडे असेलच की काहीतरी."

चौकोन देखणे होते. टाके मुंगीच्या पावलाएवढे, सुती कापड धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. मी नवं कापड लावून पाहिलं, तर तोंडात खोटा दात चमकावा तसं ते चमकलं. जुन्यात जुनंच लागतं. अंगाला लागून मऊ झालेलं. कपाटात बबडीचं लहान झालेलं पिवळं झबलं होतं. कात्री लावताना जिवावर आलं, पण लावली.

नवऱ्याला म्हटलं, "यातला आपला चौकोन ओळखून दाखव." त्यानं पुन्हापुन्हा दुसऱ्याच चौकोनावर बोट ठेवलं. मी खूश!

दुसऱ्या दिवशी दुपारी अस्तर लावायला गोधडी पालथी केली. पाठीमागून गोधडी काही लपवत नाही. एका चौकोनावर बंद उसवल्याच्या खुणा होत्या, दुसऱ्यावर इवल्याशा बाहीची गोलाई, तिसऱ्यावर दुधाचा डाग. सगळी झबलीच. एखादा फ्रॉक, एखाद्या सदऱ्याचा खिसा, शाळेचा गणवेश, काहीतरी सापडेल म्हणून मी प्रत्येक शिवण उघडून पाहिली. वर्षाच्या पुढचं एकही कापड नव्हतं.

मी ताईला फोन लावून सगळं सांगितलं. ताई नर्स आहे, भुताखेतांची टिंगल करणारी.

"अगं, पहिली झबली सगळ्याच आया जपतात," ती म्हणाली. "तुझं डोकं झोपेअभावी भरकटलंय. जरा आडवी हो."

"मग एवढ्या बाळांच्या घरात काकूंना मुलगा एकच कसा?"

ताईची टिंगल तिथंच संपली.

"तुझा तुकडा उसव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. मी येते."

मी आधी आतल्या खोलीत गेले. बबडीच्या उठण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. कपाळ तापलं होतं. हाक मारली तर तिनं डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

बाहेर येऊन उसवायला बसले, तोच बेल वाजली. काकू. दाराशी चप्पल काढता काढता त्यांची नजर माझ्या हातांवर गेली.

"त्या चौकोनाला हात लावू नकोस."

"काकू, ही झबली कुणाची आहेत?"

"घरातलीच," त्या खुर्चीत बसल्या. "एकेक मूल गेलं की सासूबाई एकेक चौकोन करायच्या. शेवटी म्हणाल्या, हे घरच्या कापडानं थांबायचं नाही. बाहेरचं लागेल. नांदत्या बाळाचं, आणि त्याच्या आईनं आपल्या हातानं लावलेलं."

"म्हणून माझ्याकडे आलात?"

"आधी गोधड्या शिवणाऱ्या आणखी दोघींची चौकशी केली. एकीची मुलं मोठी होती, दुसरीला नव्हतंच." भाजीचा भाव सांगावा तशा त्या बोलत होत्या.

आमच्या कामात शिवण कापत नाहीत, उसवतात. कापली की शेजारचे चौकोनही बाद होतात. मी मोठी कात्री घेतली आणि चारी बाजूंनी सरळ कापत गेले.

काकू रडायला लागल्या. "माझ्या सुनेचा तरी विचार कर गं. पोरगी आहे तुझ्याएवढी."

पिवळा तुकडा मी मुठीत धरला आणि भोक पडलेली गोधडी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी डोळे पुसले, गोधडीची नीट घडी घातली, पिशवीत ठेवली. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"शिवून पुरा झाला होता ना तो? गाठ मारली होतीस?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं.

"बास मग," म्हणाल्या, आणि दार हळूच ओढून घेतलं, झोपलेलं मूल उठू नये म्हणून ओढतात तसं.

ताई वाटेत आहे. मी बबडीच्या कपाळावर ओली घडी ठेवतेय, काढतेय, पुन्हा ठेवतेय. गाठ मारली होती. आतल्या बाजूनं दोनदा मारते मी, सुटू नये म्हणून.